बार्शीचा मेहबूब

आपल्या जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला, तर एका बाजूला परांडा-भूम आणि दुसऱ्या बाजूला धाराशिव-कळंब यांच्या मधे पाचर ठोकावी तसा बार्शी तालुका घुसलेला दिसतो. जिल्हा सोलापूर, पण सोयरीक, बाजार आणि दवाखाना या तिन्ही बाबतींत आपल्याकडची निम्मी माणसे बार्शीकडेच पाहतात. एके काळी मात्र या दोन्हींच्या मधून नुसती तालुक्याची नव्हे, तर राज्याची सीमा जात होती. अलीकडे निजामाची हैदराबाद रियासत, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. या सीमेवरून एक चिमुकली आगगाडी मात्र बिनदिक्कत ये-जा करीत असे. तिचे नाव बार्शी लाइट. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये आपल्या येडशीवरून पुढे लातूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या या गाडीने कापूस वाहिला, मिरची वाहिली, पंढरीचे वारकरी वाहिले.

अशा या व्यापारी, धुळीच्या आणि कष्टकऱ्यांच्या गावात २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा जन्मला. हाच पुढे महाराष्ट्राचा शाहीर अमर शेख झाला. त्याचे नाव आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकलेले असते. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणात ते अण्णा भाऊ साठे यांच्या नावाला जोडून येते आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. परंतु हा माणूस मोटारीवर क्लीनर होता, गिरणीत मजूर होता, सिनेमाच्या स्टुडिओत नोकर होता, आणि या सगळ्या सुटत-तुटत जाणाऱ्या कामांच्या मधल्या फटीत त्याला आपले गाणे सापडले, हे फारसे कोणी सांगत नाही. मला सांगायचे आहे ते हेच.

मेहबूबच्या आईचे नाव मुनेरबी. गाण्याची पहिली शिकवण त्याला तिच्याकडून मिळाली. शिकवण हा शब्दही जरा मोठाच झाला. कारण तिने काही त्याला पुढ्यात बसवून शिकवले नव्हते. ती ओव्या म्हणे, लोकगीते म्हणे आणि पोर ऐके. मुसलमानाच्या घरी मराठी ओवी, याचे शहरातल्या माणसाला नवल वाटेल. आपल्याकडे वाटत नाही. आपल्या खेड्यांतील मुलाणी, पटेल, शेख, तांबोळी यांच्या घरातील बायका जात्यावर बसल्या की विठ्ठलही येतो, पीरही येतो आणि बंधुराया तर येतोच येतो. माझी आजीही दळताना गात असे. तिला अक्षरओळख नव्हती. घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. त्यामुळे वाङ्मय म्हणजे छापलेले, आणि छापलेले म्हणजे आपल्या घराबाहेरचे, अशी माझी समजूत होती. मुनेरबी आणि तिचा मुलगा यांच्याकडे पाहिले म्हणजे या समजुतीला तडा जातो.

हा सारा मुलूखच गाण्याने भरलेला आहे. तुळजापूरला आईच्या दारी गोंधळी संबळ वाजवतात, आराधी गातात. बार्शीत भगवंताचे देऊळ आहे, तेथे कीर्तन आहे. धाराशिवला ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस भरतो, तेथे कव्वाली आहे. तमाशाचे फड गावोगाव फिरतात. या गाण्यांपैकी कशालाही त्या काळी प्रतिष्ठित संगीताच्या दिवाणखान्यात जागा नव्हती. तेथे नाट्यसंगीत होते, ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या, आणि १९३० नंतर भावगीत हे नाजूक अपत्यही जन्माला आले होते. त्याचे सौंदर्य मी नाकारीत नाही. पण तबकडी विकत घ्यायला पैसे लागत, ती वाजवायला यंत्र लागे. ज्याच्या घरी दोन्ही नव्हते त्याचे गाणे दारात, रानात आणि जत्रेतच राहिले. अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून स्वतःचे गाणे स्वतः करणाऱ्यांना इंडी कलावंत म्हणतात. त्याचे आपल्या तरुण मित्रांना फार कौतुक आहे. कौतुक असावेच. मात्र कंपनीवाचून, स्टुडिओवाचून आणि बिदागीची खात्री नसताना गाणे उभे करण्याची रीत या मातीत बरीच जुनी आहे, एवढेच म्हणतो.

मेहबूब ऐन पोरवयात, म्हणजे १९३० ते ३२ या काळात, स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढला गेला. पण चळवळ पोट भरत नाही. पोटासाठी तो मोटारीवर क्लीनर झाला. राज्याची एस. टी. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर प्रथम धावली. त्याआधी सगळा कारभार खाजगी मोटारवाल्यांचा होता. क्लीनरने पहाटे उठून गाडी पुसायची, पाणी भरायचे, हँडल मारून इंजिन चालू करायचे, टपावर गाठोडी चढवायची आणि अड्ड्यावर उभे राहून गावांची नावे पुकारीत उतारू गोळा करायचे. पुढे अमर शेखांच्या आवाजाची कीर्ती अशी झाली, की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी मैदानाच्या टोकापर्यंत शब्द पोचतो असे लोक सांगू लागले. टीकाकारांनी त्याला पहाडी आवाज म्हटले. बार्शीच्या आसपास पहाड कोठला? बालाघाटच्या टेकड्या काय त्या! मला तर वाटते, तो आवाज मोटार-अड्ड्यावरचा असावा. गर्दीत, इंजिनाच्या घरघरीत, गावाचे नाव स्पष्ट ऐकू गेलेच पाहिजे, या गरजेतून घडलेला.

मोटारीनंतर गिरणी. बार्शीच्या कापडगिरणीत तो कामगार झाला. साच्यांच्या खडखडाटात शेजाऱ्याला काही सांगायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते, हे गिरणीत काम केलेला कोणीही सांगेल. तेथे जे काही बोलायचे ते पाळी सुटल्यावर, गेटाबाहेर. मेहबूब गेटाबाहेर बोलू लागला, गाऊ लागला. पुढे कामगारांच्या संपात त्याने पुढाकार घेतला आणि त्याची रवानगी नगर जिल्ह्यातील विसापूरच्या तुरुंगात झाली. गरीब घरातल्या मुलाचे शिक्षण अशा विचित्र ठिकाणी होते. विसापूरला त्याला कम्युनिस्ट विचारांची माणसे भेटली आणि आजवर जे नुसते जाणवत होते त्याला कारण आणि नाव मिळाले. मजूर दरिद्री का, गिरणी त्याच्या घामावर चालत असताना तो उपाशी का, हे प्रश्न ओवीतही असतातच. पण ओवी ते दैवावर सोपवते. मेहबूबने ते दैवावरून काढून माणसावर आणले.

तुरुंगातून सुटलेल्या गिरणी कामगाराला काम कोण देणार? तो कोल्हापूरला गेला. तेव्हाचे कोल्हापूर म्हणजे मराठी चित्रपटांचे माहेर. मास्टर विनायकांच्या स्टुडिओत त्याला काम मिळाले. हा टप्पा चरित्रकार दोन ओळींत संपवतात. माझ्या मते तो फार महत्त्वाचा आहे. कारण येथे त्याच्यासमोर दुसरी वाट खुली होती. आवाज होता, उंचेपुरे रूप होते, ओळखी होऊ लागल्या होत्या. थोडे जुळवून घेतले असते तर पडद्यावरचा नट किंवा पडद्यामागचा गायक होणे त्याला अवघड नव्हते. याच भटकंतीच्या काळात मेहबूब पटेलचा अमर शेख झाला. नाव शोभले ते सिनेमाच्या जाहिरातीला, आणि माणूस गेला मुंबईच्या चाळींत.

का गेला असेल? विचारांची निष्ठा हे एक उत्तर आहे आणि ते खरेही आहे. पण तेवढेच उत्तर असेल तर तो नुसता कार्यकर्ता झाला असता. मला दुसरेही एक कारण दिसते. स्टुडिओतले गाणे अनेकांच्या हातून तयार होते, शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, पैसे तिसऱ्याचे. शाहिराचे तसे नसते. डफ म्हणजे लाकडी कडे आणि त्यावर ताणलेले कातडे. हवा दमट झाली की ते सैल पडते, मग शेकोटीवर धरून शेकायचे, की पुन्हा टणत्कार. तुणतुण्याला एकच तार. मागे दोघे-तिघे झील धरणारे, म्हणजे शाहिराच्या ओळीचा शेवट उचलून वर चढवणारे. मुख्य शाहीर दमला की झीलकरी सांभाळतात, तेवढ्यात तो श्वास घेतो, चार वाक्ये गद्यात बोलून कथा पुढे ढकलतो, आणि पुन्हा चढा सूर. एवढ्या सामानावर दहा हजारांची सभा धरता येते. कोणाची परवानगी नको. ज्याने आयुष्यभर मालकाच्या भोंग्यावर हजेरी लावली, त्याला हे स्वातंत्र्य किती मोलाचे वाटले असेल!

१९४३ मध्ये मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन म्हणजे ‘इप्टा’ स्थापन झाली. महायुद्ध चालू होते, बंगालात दुष्काळाने माणसे लाखांनी मरत होती. देशभरचे तरुण नट, कवी, नर्तक गाणे आणि नाटक घेऊन लोकांत निघाले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी लाल बावटा कलापथक काढले. या तिघांकडे जरा निरखून पाहावे. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग घरातले, शाळेचे सुख जवळजवळ न मिळालेले. अमर शेख बार्शीचे मुसलमान, क्लीनर आणि गिरणी कामगार. गव्हाणकरांची लेखणीही तशीच लोकांच्या बोलीत मुरलेली. तिघांनाही कोणा पंडिताने गंडा बांधला नव्हता. आणि तरी लालबाग-परळच्या गिरणगावात या तिघांना ऐकण्यासाठी पाळी करून आलेले कामगार न झोपता बसत.

हा श्रोतृवर्ग सोपा नव्हता. कोकणचे, घाटावरचे, मराठवाड्यातले लोक एका खोलीत वीस-वीस राहात. त्यांची भजनी मंडळे होती, नमन होते, लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशे रंगत. त्यांना गाणे कळत होते. नुसत्या घोषणा चालीवर म्हटल्या असत्या तर त्यांनी त्या ऐकून घेतल्या नसत्या. लाल बावटा पथकाने घोषणा म्हटल्या नाहीत असे मी म्हणत नाही. पुष्कळ म्हटल्या. स्तालिनग्राडच्या लढाईवर अण्णा भाऊंनी पोवाडा रचला, बंगालच्या दुष्काळावर रचला. काही रचना त्या-त्या दिवसाबरोबर शिळ्या झाल्या असतील. पण जुन्या लावणी-पोवाड्याच्या ठेक्यात कामगाराचा दिवस, त्याची खोली, त्याची गावाकडे राहिलेली बायको हे सगळे प्रथमच आले, आणि ते टिकले. ‘माझी मैना’ ही अण्णा भाऊंची रचना याचे उत्तम उदाहरण. मुंबईत पोटासाठी आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. आणि पुढे पुढे ती आठवणच बेळगाव-कारवार तुटलेल्या महाराष्ट्राची होऊन जाते. लिहिली अण्णा भाऊंनी, आणि मैदाने गाजवली ती अमर शेखांच्या गळ्याने. लिहिणारा मोठा की गाणारा, हा वाद आमच्या वर्गात एकदा चांगलाच रंगला होता. अजून मिटलेला नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. मुसलमान शाहिराने मराठी पोवाडा गावा, शिवाजी महाराजांचा गावा, यात अमर शेख पहिले नव्हते. पेशवाईच्या अखेरीस ज्या शाहिरांनी मराठी लावणीला कळस चढवला त्यांत रामजोशी, अनंत फंदी, होनाजी, परशराम, प्रभाकर यांच्या पंक्तीत सगनभाऊ बसतात, आणि ते जातीने शिकलगार मुसलमान होते. अमर शेखांनी शिवरायांवर पोवाडा रचला, होळकरांवर रचला, उधमसिंगांवर रचला. हे त्यांनी कोणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी केले असे मला वाटत नाही. ज्या मुलाने आईच्या तोंडून मराठी ओवी ऐकली त्याला हा वारसा आपलाच आहे हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. आजच्या काळात हे वाक्य लिहिताना मला थोडे थांबावे लागले, एवढे मात्र खरे.

१९४७ मध्ये अमर शेखांनी कुसुम जयकर यांच्याशी विवाह केला. त्या ज्योती झाल्या. धर्म वेगळे, संसार एक आणि मिळकत अनिश्चित. स्वातंत्र्य आले, परंतु लाल बावट्याचे दिवस सोपे झाले नाहीत. कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली, मुंबई सरकारने तमाशावर आणि या पथकावर निर्बंध आणले. तमाशा या नावालाच मनाई, तर नाव बदलू, असे म्हणून अण्णा भाऊंनी आपल्या वगाला लोकनाट्य म्हटले. हे नाव पुढे सगळ्यांनी उचलले. अमर शेखांचे स्वतःच्या नावाचे कलापथकही पुढे गाजले. १९५१ मध्ये त्यांचा ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक आले. ‘युगदीप’ हे मराठी आणि ‘वख्त की आवाज’ हे हिंदुस्थानी वळणाचे नियतकालिकही त्यांनी चालवले. आचार्य अत्रे यांच्या १९५४ मधील ‘महात्मा फुले’ या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. ज्या जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहून शेतकऱ्याच्या बाजूने इतिहास सांगितला, त्यांच्यावरील चित्रपटात एका शाहिराला जागा मिळावी हे योग्यच झाले. पुढे १९६१ च्या ‘प्रपंच’ मध्येही ते दिसले. म्हणजे सिनेमा त्यांनी टाकून दिला नव्हता. तो मधूनमधून येई, चार पैसे देई आणि जाई. रोजचे काम होते ते डफाचे.

हीच वाट त्या सुमारास सातासमुद्रापलीकडे आणखी एक जण चालत होता. अमेरिकेत १९१२ साली जन्मलेला वुडी गथ्री हा गायक धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांबरोबर गावोगाव हिंडला, पाट्या रंगवून, मिळेल ते काम करून पोट भरीत राहिला आणि गिटारीवर मजुरांची गाणी रचीत गेला. दोघे एकमेकांना भेटले नाहीत. पण दुष्काळ, भटकंती, संघटना आणि सोबत नेता येईल एवढेच वाद्य, ही सगळी जुळणी पाहिली की नवल वाटते. वुडी गथ्रीवर पुढे तिकडे चित्रपट निघाले, त्याच्या वह्या जपल्या गेल्या. आपल्याकडे अशी वही जपण्याची सवय कमीच.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा हे अमर शेखांच्या आयुष्याचे शिखर. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईसह महाराष्ट्र मिळत नाही हे दिसताच लोक रस्त्यावर आले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. अत्रे, डांगे, एसेम, प्रबोधनकार यांची भाषणे आणि अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर यांची शाहिरी, हे सभांचे ठरलेले रूप झाले. आधी शाहीर, मग पुढारी. शाहिराने सभा तापवायची, बसलेल्याला उठू द्यायचे नाही, उशिरा येणाऱ्या वक्त्यांची वाट लोकांना जाणवू द्यायची नाही. हे काम दिसायला दुय्यम. पण चार वर्षे, गावोगाव, रात्रीमागून रात्री, असा घसा ताणून गाणे म्हणजे काय हे ज्याने गॅदरिंगमध्ये एकदा दहा मिनिटे पोवाडा म्हटला आहे त्याला विचारावे.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने या लढ्याला आणखी एक अर्थ होता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, पण बार्शी मुंबई राज्यात आणि उस्मानाबाद हैदराबाद राज्यात हे चालूच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबईच्या द्विभाषिकात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. बार्शी लाइटच्या रुळांनी जे दोन मुलूख आधीच जोडले होते ते अखेर एका राज्यात आले. क्लीनर मेहबूबने ज्या सीमेजवळ गाड्या पुसल्या ती सीमा पुसण्याच्या लढ्यात शाहीर अमर शेख गायले, हा योग मोठा सुंदर आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी एका आडत दुकानात पट्टी लिहायला होतो. दुपारी आवक थांबली की हमाल पोत्यांच्या थप्पीला टेकून मोबाईलवर काहीतरी लावीत. एकदा एकामागून एक गाणी आपोआप लागता लागता जुन्या ध्वनिमुद्रणाचा, खरखरणारा एक शाहिरी आवाज आला. कोणीतरी पुढचे गाणे लावायला हात नेला, तेव्हा म्हाताऱ्या हमालाने त्याला थांबवले. गाणे संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मग वजनकाटा पुन्हा सुरू झाला. अमर शेखांविषयी वाचावे असे मला तेव्हापासून वाटू लागले. ग्रंथालयात जाण्याआधीच त्यांची ओळख अशी पोत्यांच्या थप्पीवर झाली, आणि मला ते बरे वाटते.

वाचू लागल्यावर मात्र एक खंत वाटली. हा माणूस नुसता गळा नव्हता, कवी होता. ‘कलश’ हा त्यांचा कवितासंग्रह १९५८ मध्ये आणि ‘धरतीमाता’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्कीशी केली. मायकोव्हस्कीही मोठ्या आवाजात, मैदानात, कामगारांपुढे कविता म्हणणारा कवी होता, हे पाहता ती तुलना अगदीच अत्र्यांच्या सवयीतली अतिशयोक्ती नव्हे. पण मराठी समीक्षेने ती मनावर घेतली नाही. शाहिराची कविता म्हणजे प्रचार, ती ऐकायची, वाचायची नाही, असा एक समज आपल्या अभ्यासक्रमांतही मुरलेला आहे. नवकवितेच्या त्या दशकात, मर्ढेकरांच्या प्रभावात, कवी आतल्या आत बोलू लागला होता. त्या शांततेत अमर शेखांचा चढा स्वर टीकाकारांना कानठळ्या बसवणारा वाटला असेल. आवाज मोठा असला म्हणून आशय उथळ असतो असे नाही, आणि हळू बोलणारा प्रत्येकजण खोल असतो असेही नाही. माझ्या प्राध्यापकांना हे मत उद्धट वाटले तर त्यांनी तासाला अवश्य खोडून काढावे.

शिवाय ही कविता कोठे लिहिली गेली याचाही विचार करायला हवा. दौऱ्यावरच्या मोटारीत, सभेनंतरच्या जागरणात, पथकातल्या माणसांच्या जेवणाची सोय लावून झाल्यावर. लिहिण्यासाठी एकांत, टेबल आणि नियमित पगार मिळालेल्या कवीच्या पुस्तकाशेजारी हे पुस्तक ठेवताना तराजू तोच असावा, हे मान्य. पण काट्यावर दोन्ही पुस्तके चढवली तरी पाहिजेत ना!

१९६० नंतर लढा संपला आणि शाहिरांचे मैदान ओसरू लागले. महाराष्ट्र मिळाला, पुढारी विधानसभेत गेले, सभांची गरज कमी झाली. अण्णा भाऊंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. अमर शेख गात राहिले. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी हिमालयाच्या रक्षणासाठी त्यांनी गाणी रचली आणि गायली. त्या वेळी कम्युनिस्ट पक्षात या प्रश्नावर दोन तट पडलेले होते. अशा वेळी उघडपणे देशाच्या बाजूने डफ उचलणे यात त्यांच्या मनाचा कल स्पष्ट दिसतो. विसापूरच्या तुरुंगात त्यांनी जो विचार घेतला तो सोडला नाही, पण गाणे कोणावर करायचे हे त्यांनी स्वतः ठरवले.

१९६९ हे वर्ष या पिढीला फार वाईट गेले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले, वय अवघे ४८. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. त्यांना ५३ वे वर्षही पुरे झालेले नव्हते. पुणे-सोलापूरचा हा रस्ता. आपल्याकडून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या गाड्या रोज याच रस्त्याने जातात.

मुंबई विद्यापीठात आता त्यांच्या नावाचे अध्यासन आहे आणि लोककला अकादमीत मुले पोवाडा शिकतात, पदव्या घेतात. त्यांची मुलगी मल्लिका वडील गेले तेव्हा बारा वर्षांची होती. तिने पुढे कविता लिहिली. ‘वाळूचा प्रियकर’ हा तिचा संग्रह १९७९ मध्ये आला. त्या कवितेला डफाची साथ नाही, झीलकरी नाहीत. ती एकटीच्या आवाजात बोलते.